जर कापडात जात नाही, कापडावर बसते

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी क्रोशाचं, काश्मिरी टाक्याचं, विरलेल्या काठाचं विचारणाऱ्या मैत्रिणी एकदम जरीवर येतात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं जरीच्या कशिद्याची आहेत, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं. मी सोलापूरची, साखर पेठेत मागांच्या खडखडाटात वाढलेली. वडील गिरणीत ताण्याच्या खात्यात होते, आई घरी कांड्या भरायची आणि शाळेतून आलं की मीही तिच्या शेजारी बसायची. जरदोजी, म्हणजे तयार कापडावरचं जरीचं भरतकाम, शिकले वयाच्या १९व्या वर्षी. लखनौकडचे एक कारागीर आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत कारचोब, म्हणजे कापड ताणायची लाकडी चौकट, मांडून बसत. त्यांना मी चाचा म्हणे. पहिले दोन महिने त्यांनी माझ्या हातात जर दिलीच नाही. साध्या सुती दोऱ्याने रेघा बांधायला लावल्या. सूत कापडाच्या आत राहतं आणि धातू कापडाच्या वर राहतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की तेव्हा कंटाळा यायचा. आज ही पत्रं वाचताना दिसतं की निम्म्या अडचणी तेवढी एक गोष्ट न कळल्यामुळेच आल्या आहेत.

काकू, मी जरीचा दोरा सुईत ओवून साडीवर साखळी टाक्याचं काम करते. चार-पाच टाके झाले की जर सोलून निघते आणि आतला पिवळा दोरा दिसायला लागतो. दुकान बदलून पाहिलं, तरी तेच. माझं काय चुकतं?
– एक वाचक, बार्शी

ताई, दुकानाचा दोष नाही. जरीला आपण दोरा म्हणतो आणि मग दोऱ्यासारखंच वागवतो, तिथे चुकतं. टोक नखाने थोडं उलगडून बघा. आत रेशमाचा किंवा सुताचा धागा आहे आणि त्याच्याभोवती केसाएवढी बारीक, चपटी पट्टी वेढे घालत गेली आहे. ही पट्टी म्हणजे बादला, आणि वेढे घालून तयार झालेला धागा म्हणजे कलाबतू. पट्टी आतल्या धाग्याला चिकटवलेली नसते, नुसती गुंडाळलेली असते. सुईच्या नेढ्यातून ओवून तुम्ही ती कापडातून खेचता तेव्हा कापडाची वीण तिला दर खेपेला किसणीसारखी घासते. चार टाक्यांत ती सोलून निघाली नाही तरच नवल. (मशिनसाठी मिळणारी पॉलिएस्टरची जर ही ओढ सोसते, पण ती वेगळी वस्तू आहे. तिच्याबद्दल पुढे.)

म्हणून कलाबतू कापडातून न्यायची नाही. कापडावर ठेवायची आणि दुसऱ्या दोऱ्याने जागेवर बांधायची. कलाबतूचे दोन पदर शेजारी-शेजारी रेघेवर धरा. १० किंवा १२ नंबरच्या सुईत जरीच्याच रंगाचं रेशीम ओवा आणि ते रेशीम मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या. मेण लावायचा कंटाळा करू नका, कारण धातूच्या कडा बारीक सुरीसारख्या असतात आणि कोरडं रेशीम वर्षभरात त्यांवर कापलं जातं. आता त्या दोन पदरांवरून काटकोनात एक-एक बारीक टाका घालत चला. दोन टाक्यांमध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढं, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर अंतर ठेवा. टाका इतकाच ओढा की पदर हलणार नाहीत. जास्त ओढलात तर जरीला कंबर पडते, आणि एकदा वाकलेला धातू पुन्हा सरळ होत नाही. दुसरी ओळ लावताना तिचे टाके पहिल्या ओळीतल्या टाक्यांच्या मधोमध आणा, विटांच्या भिंतीसारखे. मग टाके वेगळे दिसत नाहीत, नुसतं सोनं दिसतं.

कोपऱ्यावर दोन्ही पदर एकदम वळवू नका. बाहेरचा पदर कोपऱ्यावर एका टाक्याने अडकवा, मग आतला, आणि मगच पुढे निघा. सुरुवातीला आणि शेवटी बोटभर टोक मोकळं सोडा. काम संपल्यावर मोठ्या नेढ्याच्या सुईत साध्या दोऱ्याचा फास ओवून सुई टोकाच्या जागी अर्धी खाली उतरवा, फासात जरीचं टोक अडकवा आणि एका झटक्यात खाली ओढून घ्या. कापडातून जर जाते ती एवढ्याच वेळी. खाली दोन टाक्यांनी टोक पाठीला बांधून टाका.

मी दुकानातून 'दबका' म्हणून पाकीट आणलं. तार कापून मण्यासारखी ओवून शिवली, पण काही तुकडे लांबले, काही मध्येच दबले आणि पाकळी अगदी गबाळी दिसते. मैत्रीण म्हणते, ही नक्षी आहे, दबका नाही. नेमकं काय आहे हे?
– पंढरपूर

नावांच्या वादात फार पडू नका. शहर बदललं की नाव बदलतं, कधी एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत बदलतं. मी जे शिकले ते असं. बारीक गोल तार सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळून सळई काढून घेतली की आत पोकळ राहणारी जी नळी उरते तो दबका. तीच गुंडाळी कोनदार सळईवर झाली की वेढ्यांना पैलू पडतात आणि ती हिऱ्यासारखी लुकलुकते, ती नक्षी. चकचकीत नसलेला, साईसारखा मंद दिसणारा माल तो कोरा. आणि सलमा हे या सगळ्या स्प्रिंगवजा तारांचं जुनं, सरसकट नाव. 'सलमा-सितारा' म्हणतात त्यातला सितारा म्हणजे टिकली. दुकानात गेलात की नाव सांगण्याऐवजी तुमच्या पाकिटातला इंचभर तुकडा दाखवा आणि 'असंच, एवढ्याच जाडीचं' म्हणून मागा. मी अजूनही असाच माल आणते. माझ्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत असे तुकडे कायम असतात.

आता तुमची पाकळी. दबका ही स्प्रिंग आहे, त्यामुळे ती ओढली की लांबते आणि लांबलेली परत मिटत नाही. पाकिटातून काढताना टोकाला धरून उपसू नका, पाकीट उलटं करून वस्तू बाहेर पडू द्या. कापायला मखमलीचा तुकडा ताटलीत पसरा. त्यावर तुकडे उडून जात नाहीत आणि सुईच्या टोकाने सहज उचलता येतात. कात्री बारीक आणि फक्त याच कामाची ठेवा, कारण तारेने धार जाते.

सगळ्यात महत्त्वाचं आहे माप. पाकळीच्या दोन कडांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच तुकडा. पोकळ नळीतून सुई घालायची, तुकडा कापडापर्यंत घसरू द्यायचा आणि सुई पलीकडच्या कडेला खाली उतरवायची. तुकडा आखूड झाला तर टोकाशी दोरा उघडा दिसतो. लांब झाला तर तो जागेत मावत नाही, पाठीतून वाकतो आणि वेढे फाकतात. तुमचे 'मध्येच दबलेले' तुकडे असेच लांब पडलेले असणार. पाकळीची रुंदी दर टाक्याला बदलते, म्हणून दर तुकड्याचं मापही बदलतं. सगळे तुकडे आधी एकाच लांबीचे कापून ठेवण्याचा मोह नव्या हाताला हमखास होतो. दोन तुकडे कापा, लावा, पुन्हा दोन कापा.

पाकळीला उठाव हवा असेल तर आधी खाली भर घाला. सुती दोरीचे पदर किंवा पिवळं फेल्ट पाकळीच्या आकारात शिवून घ्यायचं, मध्ये जाड आणि कडांना पातळ. मग दबका त्या भरीवरून तिरका, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचा. या उठावदार कामाला आमच्यात वसली म्हणतात. लष्करी आणि क्लबच्या कोटांवर जे सोनेरी बिल्ले दिसतात ते याच कामाचे, आणि बनारसचे कारागीर ते परदेशांसाठीही करतात. आपल्या सोलापुरात गणवेशांचा एवढा मोठा धंदा आहे, तरी हे बिल्ले बाहेरून येतात. इथल्या दहा मुलींनी वसली शिकून घेतली तर शहरातच हे काम उभं राहील असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंच्या सासूबाईंचा शालू आहे. कापड चिरत चाललंय, पण काठ आणि पदर भक्कम आहेत. गल्लीत 'जुनी जर' म्हणून ओरडत येणारा माणूस वजनावर पैसे देतो म्हणतो. जर खरी आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं? विकावी का?
– मोहोळ

आधी एक स्पष्ट करते. शालूचा काठ हा विणलेला असतो, भरलेला नसतो. मागावर ताण्या-बाण्यातच जर घातलेली असते. जरदोजी म्हणजे तयार कापडावर केलेलं काम. पण माल दोन्हीकडे तोच, त्यामुळे पारखही तीच.

जर तीन प्रकारची. खऱ्या जरीत पट्टी चांदीची, तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ थर, आत रेशीम. खोट्या जरीत पट्टी तांब्याची, तिला आधी चांदीचा आणि मग सोनेरी मुलामा, आत बहुधा सूत. तिसऱ्या, हल्लीच्या जरीत धातू नावापुरताच: प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवून, रंग देऊन, त्याच्या चिंध्या कापलेल्या असतात. जुन्या काळी चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा ठोकून बसवत आणि ती कांब सोनाराच्या जंतरासारख्या पोलादी भोकांतून, मोठ्या भोकाकडून लहान भोकाकडे, ओढत नेत. चांदीबरोबर सोनंही ताणलं जाई आणि केसाएवढ्या तारेवरही त्याचा थर टिके. आता तारेवर विजेने मुलामा चढवतात. हे काम मुख्यतः सुरतेत होतं, आणि सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

घरची परीक्षा अशी करा. पदराच्या टोकाला, जिथे दिसणार नाही तिथून इंचभर जर सोडवा. बादला उलगडून आतला धागा बाजूला ठेवा. हे आधी करायचं, कारण खऱ्या जरीतलं रेशीम पुष्कळदा मुद्दाम लाल किंवा केशरी रंगवलेलं असतं. वेढ्यांच्या फटीतून ते दिसलं की सोनं आणखी तांबूस, भारी वाटतं. तो लाल रंग बघून लोक 'तांबं आहे' म्हणून मोकळे होतात आणि चांगला माल कवडीमोलाने जातो. नुसती पट्टी खरखरीत दगडावर हलकेच घासा. आतून पांढरी निघाली तर चांदी, तांबूस निघाली तर तांबं. मग आतला धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरणारी काळी राख आली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आला तर सूत. आणि पट्टी पेटवल्यावर आक्रसून, वितळून तिची गुठळी झाली तर प्लॅस्टिक. तरीही शंका राहिली तर सराफाकडे सोन्याची शुद्धता तपासायचं मशिन असतं, त्यावर न जाळता कळतं. आधी हे करा आणि मगच त्या माणसाशी बोला.

विकावी का, हे तुमच्या घरचं आहे. फक्त त्या जरीचं पुढे काय होतं ते सांगते: ती जाळून तिची चांदी गाळतात. शालू कोणी पुन्हा विणत नाही. अडचणीला पैसे लागत असतील तर विकण्यात काहीच कमीपणा नाही. पण नुसतं 'कपाट मोकळं होईल' म्हणून विकत असाल तर थांबा. काठ आणि पदर आजूबाजूचं अर्धा इंच रेशीम ठेवून कापून घ्या, पाठीला मऊ मांजरपाट लावा आणि नव्या रेशमी साडीवर बसवा. मांजरपाट आधी धुऊन, आटवून घ्या, नाहीतर पुढे तोच काठाला चुण्या पाडेल. टाके घालताना सुई जरीच्या पट्टीतून नेऊ नका, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून न्या. भिंग लावून, दुपारच्या उजेडात करायचं काम आहे. मी असे काठ पुष्कळ बसवले आहेत. त्यातला एक माझ्या आईच्या इरकलीवर आहे.

माझ्या लग्नातल्या घागऱ्याची जर सात वर्षांत काळी पडली. कोणी लिंबू सांगतं, कोणी टूथपेस्ट. काय करू? आणि इस्त्री कशी करायची?
– सोलापूर, विजापूर रोड

लिंबू नको, चिंच नको, टूथपेस्ट नको, रांगोळीसारखी कुठलीही पूड नको. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते. पंचविशीत असताना आमच्या मूळ गावच्या देवीचा जुना शेला मी घरी आणला आणि देवाची भांडी घासतात तसा चिंचेच्या कोळाने स्वच्छ केला. दोन तास तो असा झळकला की मी सगळ्यांना बोलावून दाखवला. पण त्या जरीवरचा मुलामा आधीच विरलेला होता. चिंचेने उरलासुरलाही गेला, आतलं तांबं उघडं पडलं, आणि कलाबतूच्या पोटातल्या सुतात मुरलेला आंबट ओलावा बाहेर निघालाच नाही. पंधरा दिवसांत हिरवे डाग फुटले. तो शेला देवीच्या अंगावर पुन्हा चढला नाही, आणि नवरात्र आलं की मला त्याची आठवण येते.

काळं पडतं का, तर चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूंशी संयोग पावते. गंधक रबरात असतं, लोकरीत असतं. म्हणून जरीच्या कपड्याला रबरबँड लावू नका आणि तो शालीत गुंडाळू नका. तांब्याच्या जरीचा वैरी वेगळा. घामातलं मीठ तिला हिरवं करतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या मुहूर्तांना ४० अंशांच्या पुढे घामाला काय कमी! अत्तर, स्प्रे हे सगळं कपडा घालायच्या आधी अंगाला लावा आणि वाळू द्या. जरीवर उडवू नका.

काळी झालेली जर पूर्ववत होत नाही हे मान्य करून पुढे चला. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. त्याहून जास्त घरी काही करू नका. पाणी तर अजिबात नको, आणि ड्रायक्लीनला देताना 'धातूचं काम आहे' असं तोंडाने सांगून, पावतीवर लिहून घ्या. पुढचं नुकसान मात्र थांबवता येतं. जुनी, अनेकदा धुतलेली मलमल किंवा धोतराचं पान घ्या, कपडा त्यात गुंडाळा, घड्यांच्या आतही तेच घाला म्हणजे जर जरीवर घासणार नाही. प्लॅस्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्र नको, डांबराच्या गोळ्या नकोत. किड्यांसाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, कपड्याला न टेकवता ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण एकाच जागी मोडत राहिली तर धातूची पट्टी तिथे तुटते. घागऱ्यावर जड काम असेल तर तो टांगू नका, आडवा ठेवा. स्वतःच्या वजनाने जाळी फाटते.

इस्त्रीला आपल्याकडे उत्तम साधन घरातच आहे. सोलापुरी टर्किश टॉवेल दुहेरी घडी करून पसरा, काम खाली तोंड करून त्यावर ठेवा आणि पाठीवरून, मध्ये मलमल घालून, कोमट इस्त्री फिरवा. टॉवेलच्या लवेत दबका रुतून बसतो आणि चेपत नाही. वाफ बंद ठेवा. प्लॅस्टिकची जर असेल तर इस्त्री आणखी मंद, कारण ती काळी पडत नाही पण वितळते.

मुलीच्या ब्लाउजच्या 'मग्गम वर्क'चे ९,५०० रुपये सांगितले. तशीच डिझाइन कॉम्प्युटर मशिनवर १,८०० मध्ये होते. फसवणूक आहे का?
– पुणे (माहेर सोलापूर)

मग्गम हा शब्द तुम्ही लहानपणीच ऐकला असणार. आमच्या पद्मशाली शेजाऱ्यांच्या घरी मग्गम म्हणजे हातमाग. तेलुगूत मागाला मग्गम म्हणतात. कापड चौकटीवर ताणून करायचं काम म्हणून तोच शब्द या कशिद्याला लागला. जरदोजी आणि आरीचंच (आरी म्हणजे आकड्याच्या सुईने घातलेली साखळी) हे दक्षिणेतलं नाव आहे.

फसवणूक आहे की नाही हे ब्लाउज उलटा केल्याशिवाय कळत नाही. मशिनच्या कामाला पाठीमागे एकसारख्या दोऱ्याचा दाट थर आणि बहुतेक वेळा चिकटवलेला कागद दिसतो. वरची जर पॉलिएस्टरची असते. ते काम वाईट नव्हे, धुवायला सोपं आणि घामाला टिकतं. रोज वापरायचं असेल तर मीही तेच सांगेन. हाताच्या कामाला पाठीमागे लहान-मोठे टाके, गाठी दिसतात, आणि पुढे दबका, टिकली, मणी वेगवेगळे हाताला लागतात. ९,५०० देत असाल तर हे दिसलंच पाहिजे. आरीच्या साखळीचा शेवट गाठ मारून बंद केलाय का हेही बघा, कारण तो मोकळा असेल तर एक टोक ओढलं की सगळी वेल सरसर उसवते. काखेच्या चार बोटं जवळ धातूचं काम घेऊ नका आणि जड डिझाइनखाली अस्तराचा आधार मागा.

बाकी पैसे तासांचे असतात. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी १९५३ साली जांभळ्या मखमलीच्या झग्यावर गव्हाच्या ओंब्या आणि ऑलिव्हच्या फांद्या भरल्या, तेव्हा रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या १२ जणींना ३,५०० तास लागले. ब्लाउजला अर्थात एवढे लागत नाहीत. पण एका बाहीवरचा मोर दोन कारागिरांचे दोन-तीन दिवस सहज खातो. ते किती जण होते, किती दिवस बसले, हे दुकानदाराला विचारा. तुम्ही दिलेल्या पैशातलं त्यांना किती पोचतं, हेही विचारा. ही चौकशी गिऱ्हाइकाने केली तर कोणाला गैर वाटायचं कारण नाही.

काकू, मी फॅशन डिझाइन शिकते. युरोपातलं 'गोल्डवर्क' आणि आपली जरदोजी एकच का?
– पुणे

बाळ, सामान जवळजवळ सारखं, हात वेगळे. त्यांच्याकडेही स्प्रिंगसारखी पोकळ तार कापून शिवतात, त्यांच्याकडेही मेण आणि फेल्ट आहेच. फरक बघायचा तर धातू कापडावर बसवण्याची युक्ती बघ. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये चर्चच्या वस्त्रांसाठी जर वर ठेवून खालून लिननच्या दोऱ्याने तिला केसभर भोकातून पाठीकडे ओढून घ्यायचे. बांधणारा टाका वर दिसतच नाही आणि प्रत्येक टाक्याशी बिजागरी तयार होते, त्यामुळे सोन्याने भरलेला झगाही अंगावर लवचिक पडतो. नंतर फ्लँडर्सकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, सोन्याच्या आडव्या ओळी घालून त्या रंगीत रेशमाने बांधायला लागले. टाके दाट घातले की सावली, विरळ घातले की उजेड, असं त्या टाक्यांतूनच चित्र उभं राहतं. जपानी जरीत तर तारच नसते. कागदावर लाखेसारख्या रोगणाने सोन्याचा वर्ख बसवून त्या कागदाच्या बारीक पट्ट्या रेशमावर गुंडाळतात. आणि ती कागदी जरही कापडातून ओढत नाहीत, वरच ठेवून बांधतात. तुझ्या प्रकल्पासाठी या चारही पद्धतींचे हातभर नमुने स्वतः करून बघ. वाचून जे कळणार नाही ते बोटांना कळेल.

मी अकरावीत आहे. घरी दोन पॉवरलूम आहेत. मला जरदोजी शिकायची आहे, मुलगा असून शिकलो तर चालेल का? घरात जागा कमी आहे. सुरुवात कशाने करू?
– अक्कलकोट

चालेल काय, अरे, माझे उस्ताद पुरुष होते आणि त्यांच्या हाताखालची चारही पोरं मुलगेच होती. या कामातले बहुतेक जुने कारागीर पुरुषच. आणि मागावाल्या घरातला असल्यामुळे तुला एक गोष्ट आधीपासून येते, ती म्हणजे ताण. बीमवर ताणा सैल राहिला की कापडाचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. इथेही तेच आहे.

मोठा अड्डा, म्हणजे कारचोब, लगेच नको. चार लाकडी पट्ट्यांची दीड फूट बाय दोन फुटांची चौकट कर. मागाचं जुनं सागवान मिळालं तर सोनंच. आडव्या दोन पट्ट्यांना मांजरपाटाची पट्टी ठोक, कापड तिला शिवून घे आणि बाकीच्या दोन बाजू सुतळीने आवळ. टिचकी मारली की हलगीसारखा आवाज आला पाहिजे. गोल रिंग वापरू नकोस, ती बसवलेल्या धातूला चेपते. चौकट दोन स्टुलांवर ठेवून खाली मांडी घालून बस, म्हणजे डावा हात खाली आणि उजवा वर मोकळा राहतो. काम झालं की ती भिंतीला उभी कर, जागेचा प्रश्न मिटला.

नक्षी उतरवायला बटर पेपरवर चित्र काढ, रेघांवर सुईने जवळजवळ भोकं पाड. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून खडूची पूड थोड्या रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवली की ठिपके खाली उतरतात. रॉकेल आहे, तेव्हा दार-खिडकी उघडी आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब.

सामान एवढंच घे: एक लच्छी स्वस्त खोटी कलाबतू, १० नंबरच्या सुया, पिवळं रेशीम, मेणाची वडी आणि गडद रंगाचं जाड सुती कापड. पहिला आठवडा सरळ रेघा, दुसरा आठवडा कोपरे, तिसऱ्या आठवड्यात गोल. दबक्याला महिनाभर हात लावू नकोस. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात येशीलच, तोवर एक वीतभर वेल पूर्ण कर आणि तिचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठव. उलट्या बाजूचा फोटोही पाठव, मी आधी तो बघणार आहे.